टीएनएफ ग्लिया पेशींना मारतो की जगवतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही माउसच्या नवजात पिल्लांच्या मेंदूतून मिश्र ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) वाढवता, फ्लास्क शेकरवर हलवून ऑलिगोडेंड्रोसाइटच्या, म्हणजे न्यूरॉनच्या तंतूंवर मायलिनचं आवरण बनवणाऱ्या पेशींच्या, पूर्वज पेशी, म्हणजे ओपीसी, वेगळ्या करता आणि त्यांच्यावर ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर टीएनएफ-अल्फा (दाहाचा निरोप नेणारं प्रथिन, पुढे नुसता टीएनएफ) ४८ तास ठेवता. एका बॅचमध्ये पेशींची स्थिती रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीचं रीडिंग निम्म्याहून खाली आलं, पुढच्या बॅचमध्ये काही फरकच पडला नाही. पेपर चाळले तर तिथेही तोच गोंधळ: कुणी म्हणतं टीएनएफ ऑलिगोडेंड्रोसाइटना मारतो, कुणी म्हणतं त्याच्यावाचून मायलिन पुन्हा तयारच होत नाही. यात खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही. पण एवढ्यावर थांबलो तर तुमच्या हाती काही लागणार नाही. मी बरीच वर्षं याच पेशी वाढवतो आणि त्यांच्यावर हीच प्रथिनं टाकतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: 'हे सायटोकाइन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं प्रथिन, चांगलं की वाईट' या प्रश्नाला उत्तर नसतं. कोणती पेशी, ती वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, सिग्नल कोणत्या रिसेप्टरवरून (पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या प्रथिनावरून) आत गेला आणि त्या वेलमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खळग्यात, शेजारी आणखी कोण बसलंय, हे चार तपशील मिळाले की बहुतेक वेळा निकाल आधीच सांगता येतो. तुमच्या दोन बॅचमधल्या फरकामागे मला पहिला संशय शेजाऱ्यांचा, म्हणजे सोबत आलेल्या मायक्रोग्लियाचा (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींचा) आहे आणि दुसरा मीडियममधल्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवातल्या, ग्रोथ फॅक्टरचा. तुमचा मीडियम कोणता, टीएनएफ कोणत्या प्राण्याचा, ओपीसी किती दिवसांच्या होत्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं 'जर-तर'च्या भाषेत वाचा.

सुरुवात रिसेप्टरपासून करू. टीएनएफला दोन रिसेप्टर आहेत. टीएनएफआर-१ च्या शेपटीत 'डेथ डोमेन' असतं, टीएनएफआर-२ मध्ये ते नसतं. यावरून पहिला मारणारा आणि दुसरा वाचवणारा, अशी सोपी विभागणी विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसते. निम्मी बरोबर आहे. गोम अशी की टीएनएफआर-१ सुद्धा पेशीला सहसा लगेच मारत नाही. टीएनएफ चिकटला की रिसेप्टरपाशी ट्रॅड, रिपके-१, ट्राफ-२ आणि सीआयएपी ही प्रथिनं गोळा होतात, रिपके-१ वर युबिक्विटिनच्या साखळ्या चढतात आणि एनएफ-कप्पा-बी चालू होतो. एनएफ-कप्पा-बी जी जनुकं चालू करतो त्यांत दाह वाढवणारी असतात तशीच पेशीला जगवणारीही असतात. त्यांतलं सी-फ्लिप हे प्रथिन कॅस्पेज-८ या पेशी मारणाऱ्या एन्झाइमला आवरून धरतं. म्हणजे धडधाकट पेशीचं टीएनएफला पहिलं उत्तर 'दाह वाढव आणि स्वतः जग' असंच असतं.

मरणाचा रस्ता उघडतो तो ही बचावफळी उभी राहिली नाही तर. टीएनएफची ताकद मोजायची जुनी चाचणी आठवा. एल-९२९ पेशींवर टीएनएफच्या जोडीला ॲक्टिनोमायसिन-डी टाकतात, कारण जनुकांचं वाचन थांबवल्याशिवाय त्या पेशी म्हणाव्या तशा मरत नाहीत. सी-फ्लिप तयार झालं नाही की कॅस्पेज-८ मोकळं सुटतं आणि ॲपोप्टोसिस, म्हणजे पेशीचं शिस्तीत होणारं मरण, होतो. कॅस्पेजही अडवलं, तर रिपके-१, रिपके-३ आणि एमएलकेएल या वाटेने नेक्रोप्टोसिस होतो आणि पेशी फुगून फुटते. म्हणून 'टीएनएफने पेशी मेल्या' असं कुणी सांगितलं की मी विचारतो, त्या पेशींची बचावफळी आधी कुणी मोडली होती?

ओपीसीच्या बाबतीत ती मोडायला फार काही लागत नाही. या पेशी मुळातच उसन्या आधारावर जगतात. १९९२ साली मार्टिन रॅफ यांच्या प्रयोगशाळेत बेन बॅरेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रॅटच्या दृष्टिचेतेत वाढीच्या काळात तयार होणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटपैकी जवळपास निम्म्या मरून जातात. तेही कुठलाही आजार नसताना. पीडीजीएफ या ग्रोथ फॅक्टरचा पुरवठा वाढवल्यावर हे मरण एकदम घटलं. म्हणजे जगण्याचे सिग्नल मुळातच तुटपुंजे असतात आणि ज्यांना ते मिळत नाहीत त्या पेशी जातात. तुमच्या वेलमध्येही तेच चालू असतं. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ओपीसी वाढवताना पीडीजीएफ देतात आणि प्रौढ व्हाव्यात म्हणून एका दिवशी तो काढून टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक देतात. तुम्ही टीएनएफ नेमका त्याच दिवशी टाकलात, तर पीडीजीएफ गेल्याचा धक्का आणि टीएनएफचा धक्का एकाच वेळी बसतो. दुष्काळात तेरावा महिना. तोच डोस दोन दिवस आधी, पीडीजीएफ असताना दिला असता तर त्याच पेशी तरल्या असत्या.

उलट बाजूही लक्षात घ्या. नेहमीच्या एन-२ किंवा सॅटो पद्धतीच्या मीडियममध्ये इन्शुलिन ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. इतक्या इन्शुलिनने आयजीएफ-१ या ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टरही चालू होतो आणि आयजीएफ-१ हा ऑलिगोडेंड्रोसाइटचा मोठा पाठीराखा आहे. बी-२७ हे सप्लिमेंट वापरत असाल तर त्यात कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन आणि ई जीवनसत्त्व असतं, शिवाय कॉर्टिकोस्टेरॉन. म्हणजे ज्या मीडियममध्ये तुम्ही दाहाचा परिणाम बघताय त्यातच दाह दाबणारं स्टेरॉइड घातलेलं आहे! हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, कारण बाटलीवर फक्त 'सप्लिमेंट' लिहिलेलं असतं. दोन बॅचच्या मध्ये सप्लिमेंट बदललंत का, किंवा त्याच बाटलीतला जुना वितळवलेला अंश वापरलात का, ते आधी वहीत बघा. मीडियममध्ये सीएनटीएफ हे पेशी जगवणारं प्रथिन घालत असाल तर तेही नोंदवा. सीएनटीएफ ऑलिगोडेंड्रोसाइटना टीएनएफपासून वाचवतं हे १९९३ सालीच प्रसिद्ध झालंय आणि आज कित्येक प्रयोगशाळांच्या मीडियममध्ये ते सवयीने पडतं.

आता माझा मुख्य संशय, शेजारी.

शेकरवर हलवून वेगळ्या करायची ही पद्धत मॅकार्थी आणि द व्हेलिस यांची, १९८० सालची, आणि तीही रॅटसाठी बसवलेली. रॅटमध्ये ती सुरेख चालते. माउसच्या पेशी इतक्या गुणी नसतात, फ्लास्कमधून ओपीसी कमी सुटतात आणि त्यांच्यासोबत मायक्रोग्लिया जास्त येतात. पहिल्या तासाभराच्या हलवण्यात सुटलेल्या मायक्रोग्लिया फेकून द्यायच्या, मग रात्रभर हलवायचं आणि मिळालेला गोळा साध्या, लेप न दिलेल्या डिशमध्ये अर्धा ते एक तास ठेवायचा, म्हणजे उरलेल्या मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट (ग्लियाचाच आणखी एक प्रकार) तळाला चिकटतात आणि ओपीसी वर तरंगत राहतात. ही शेवटची पायरी घाईत आटोपली की शुद्धता घसरते. फेज काँट्रास्टखाली दोन्ही बॅच सारख्याच दिसतात, कारण ओपीसीच्या फांद्यांखाली दडलेली गोल, चकाकणारी मायक्रोग्लिया सहज नजरेतून सुटते. आयबा-१ या मायक्रोग्लियाच्या खुणेचा स्टेन केला की मगच खरा आकडा कळतो.

एवढ्या थोड्या मायक्रोग्लियांनी काय बिघडतं? सगळंच. यातलं सर्वांत बोलकं उदाहरण टीएनएफचं नाही, एलपीएसचं आहे. एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला विषारी भाग, ओळखणारा टीएलआर-४ रिसेप्टर मायक्रोग्लियावर असतो. निव्वळ ऑलिगोडेंड्रोसाइटच्या कल्चरला एलपीएस द्या, त्यांना काही होत नाही. मायक्रोग्लिया मिसळा आणि तेच द्या, ऑलिगोडेंड्रोसाइट मरतात. याच मांडणीवर २००५ साली एका गटाने दाखवलं, की चेतवलेल्या मायक्रोग्लिया कोवळ्या ऑलिगोडेंड्रोसाइटना पेरॉक्सिनायट्राइट सोडून मारतात. याच गटाने २००८ साली त्यात ॲस्ट्रोसाइटही मिसळल्या आणि मरणाचं कारणच बदललं. आता मारणारा होता टीएनएफ. मारणारी पेशी तीच, मरणारी तीच, चेतवणारा पदार्थ तोच. मध्ये तिसरी पेशी आली आणि हत्यार बदललं. टीएनएफविषयीचे पेपर एकमेकांशी भांडताना दिसतात त्यांतल्या निम्म्या भांडणांची मुळं मला या एका निकालात दिसतात. पहिल्या मांडणीत काम करणारा म्हणेल टीएनएफचा काही संबंध नाही, दुसऱ्या मांडणीतला म्हणेल सगळा दोष त्याचाच. दोघंही प्रामाणिकपणे आपापल्या डिशमधलं सांगत असतात.

जाता जाता: पेरॉक्सिनायट्राइट सेकंदभरही टिकत नाही. त्यामुळे मायक्रोग्लियावरचा मीडियम काढून ओपीसीवर टाकला आणि काही झालं नाही, यावरून 'मायक्रोग्लिया निरुपद्रवी' असं ठरवू नका. अशा गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाहीत.

आयएल-१ बीटा या दुसऱ्या सायटोकाइनचंही असंच. निव्वळ ऑलिगोडेंड्रोसाइटच्या कल्चरमध्ये ते मारत नाही. ॲस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया सोबत असल्या की मारतं, कारण ॲस्ट्रोसाइट बाहेरचं ग्लुटामेट (न्यूरॉनचं निरोप नेणारं रसायन) उचलायचं काम नीट करत नाहीत आणि साचलेलं ग्लुटामेट ऑलिगोडेंड्रोसाइटच्या एएमपीए व कायनेट रिसेप्टरवर जाऊन बसतं. ते रिसेप्टर अडवणारं औषध घातलं की पेशी वाचतात. यावरून आयएल-१ बीटा खलनायक ठरवावं, तर २००१ सालचा एक माउसमधला निकाल आडवा येतो: ज्यांच्यात आयएल-१ बीटा नाही अशा माउसना क्युप्रिझोन देऊन मायलिन घालवल्यावर ते वेळेत परत येत नाही, कारण आयजीएफ-१ चा पुरवठाच तयार होत नाही. म्हणजे जे प्रथिन शेजाऱ्यांकरवी मारतं तेच शेजाऱ्यांकरवी पोसतंही.

ॲस्ट्रोसाइट स्वतः सायटोकाइनने सहसा मरत नाहीत, त्या बदलतात. लिडेलो आणि बॅरेस यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं, की मायक्रोग्लियाकडून येणारं आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी-१-क्यू हे त्रिकूट एकत्र मिळालं की ॲस्ट्रोसाइट अशा अवस्थेत जातात जिथे त्या न्यूरॉन आणि प्रौढ ऑलिगोडेंड्रोसाइटना मारणारं काहीतरी स्रवतात. २०२१ साली हे विष लांब साखळीच्या संपृक्त चरबीचं असून एपीओई आणि एपीओजे या प्रथिनांसोबत बाहेर पडतं, असं पुढे आलं. तुमच्या प्रयोगासाठी याचा अर्थ असा की टीएनएफ आणि मरण यांच्या मध्ये दोन-तीन दिवसांचा टप्पा असू शकतो. २४ तासांना बघितलं तर काही नाही, ७२ तासांना वेल रिकामा.

मायक्रोग्लिया मात्र या बाबतीत वेगळ्या आहेत. इतर ग्लियांसाठी प्रतिकारशक्तीचे सिग्नल हे जगण्या-मरण्यातला एक घटक असतात, मायक्रोग्लियांसाठी ते अन्नपाणी असतं. सीएसएफ-१ आणि आयएल-३४ ही दोन सायटोकाइन सीएसएफ-१-आर या एकाच रिसेप्टरवर बसतात आणि तो बंद केला की मायक्रोग्लिया संपतात. २०१४ साली पीएलएक्स-३३९७ हे औषध माउसना खाद्यातून तीन आठवडे दिल्यावर मेंदूतल्या सुमारे ९९ टक्के मायक्रोग्लिया नाहीशा झाल्या. माणसात याच रिसेप्टरच्या जनुकात बिघाड असला की प्रौढ वयात पांढऱ्या द्रव्याचा गंभीर आजार होतो. तुम्हाला पुढेमागे प्रौढ मायक्रोग्लिया सीरमशिवाय वाढवायच्या असतील तर मीडियममध्ये आयएल-३४, टीजीएफ-बीटा-२ आणि कोलेस्टेरॉल लागेल, हे आताच टिपून ठेवा.

इंटरफेरॉन-गामा या आणखी एका सायटोकाइनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पेपर वाचताना तो सतत भेटेल. इथे टप्प्याला फार महत्त्व आहे. कोवळ्या, मायलिन बनवायला लागलेल्या पेशी त्याने लवकर मरतात, पूर्ण प्रौढ पेशी बऱ्याच तग धरतात. मायलिन बनवणारी पेशी थोड्या काळात प्रचंड प्रथिनं आणि चरबी तयार करत असते, त्यामुळे तिच्या एंडोप्लाझमिक रेटिक्युलमवर (प्रथिनं घडवणाऱ्या भागावर) आधीच ताण असतो आणि इंटरफेरॉन तो वाढवतो. पण त्याच ताणाला उत्तर देणारा पर्क हा एन्झाइम आधीच थोडा जागा करून ठेवला, तर पेशी पुढचा हल्ला पचवते. २००७ साली माउसमध्ये हे दिसलं: ईएई (माउसमधला मायलिन जाण्याचा प्रायोगिक आजार) सुरू होण्याआधी मेंदूत थोडा इंटरफेरॉन-गामा असला तर ऑलिगोडेंड्रोसाइट वाचतात आणि हा फायदा पर्कवरच अवलंबून असतो. वेळ बदलली की परिणाम उलटा. माणसातही कोवळेपणाची हीच खिडकी दिसते. गर्भाच्या साधारण २३ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात या कोवळ्या पेशींचाच भरणा असतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पांढऱ्या द्रव्याला इजा होते ती मुख्यतः याच काळात.

इथवरचं थोडक्यात: टीएनएफआर-१ एकटा सहसा मारत नाही, बचावफळी मोडलेली असली तर मारतो. ओपीसीची बचावफळी ग्रोथ फॅक्टरवर उभी असते. आणि डिशमधलं बरंचसं मरण शेजाऱ्यांच्या हातून होतं. आता टीएनएफच्या व्हायलकडे वळू. माझ्या मते या विषयातला सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला मुद्दा तिथे आहे.

शरीरात टीएनएफ आधी पेशीच्या पटलावर रोवलेला असतो, वजन २६ किलोडाल्टन. मग टेस नावाचा एन्झाइम त्याला कापतो आणि १७ किलोडाल्टनचा विरघळणारा तुकडा बाहेर पडतो. विरघळणारा टीएनएफ मुख्यतः टीएनएफआर-१ चालवतो. टीएनएफआर-२ नीट चालू व्हायला पटलावरचा, म्हणजे शेजारच्या पेशीने प्रत्यक्ष भिडवलेला टीएनएफ लागतो. व्हायलमध्ये येतो तो विरघळणारा. म्हणजे तुम्ही मीडियममध्ये रिकॉम्बिनंट टीएनएफ टाकता तेव्हा मारू शकणारी बाजू पूर्ण तपासता आणि वाचवणारी बाजू जवळपास नाहीच. टीएनएफ जनुक काढलेल्या माउसमध्ये काम करणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू गेलेल्या दिसतात. २००१ साली नेमकं असंच घडलं: टीएनएफ नसलेल्या माउसमध्ये क्युप्रिझोननंतर ओपीसी पुरेशा वाढल्या नाहीत, मायलिन उशिरा आणि कमी आलं, आणि ही उणीव टीएनएफआर-२ च्या अभावामुळे होती. तुम्हाला जे पेपर परस्परविरोधी वाटले त्यांतले काही नुसते एवढ्यासाठी विरोधी आहेत.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे, माणसाचा टीएनएफ माउसच्या टीएनएफआर-१ वर बसतो, पण माउसच्या टीएनएफआर-२ वर बसत नाही. कपाटात आधीपासून माणसाचा टीएनएफ असतो म्हणून तो माउसच्या पेशींवर वापरणारे मी बरेच पाहिलेत. अशा प्रयोगात टीएनएफआर-२ हा प्रश्नच उरत नाही, निकाल एकतर्फी येणारच. इंटरफेरॉन-गामाचं तर आणखी कडक आहे, माणसाचा इंटरफेरॉन-गामा माउसच्या पेशींवर चालतच नाही. तुमच्या दोन बॅचमध्ये व्हायल बदलली असेल तर लेबलवर प्राण्याचं नाव आधी वाचा.

आणि ही प्रथिनं बहुधा ई. कोलाय जिवाणूंत बनवतात, त्यामुळे एलपीएसचा अंश राहू शकतो. मायक्रोग्लिया सोबत असतील तर तुम्ही टीएनएफचा परिणाम समजून एलपीएसचा मोजत बसाल, साप म्हणून भुई धोपटल्यासारखं. यावरची तपासणी सोपी आहे. तोच टीएनएफ उकळून एका वेलला द्या. उकळल्यावर टीएनएफ मोडतो, एलपीएस टिकून राहतं. उकळलेल्यानेही पेशी मेल्या तर दोषी कोण ते उघड आहे. पॉलिमिक्सिन-बी घालून उलटी तपासणी करता येते, पण तो ओपीसींनाही फारसा मानवत नाही, म्हणून मी उकळण्यावर जास्त भिस्त ठेवतो. डोसबद्दल एवढंच की फार पातळ केलेलं प्रथिन नळीच्या प्लॅस्टिकला चिकटून जातं, म्हणून वाहक अल्ब्युमिन असू द्या आणि वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका. दुसऱ्या बॅचमध्ये 'काही झालं नाही' याचं कारण मेलेला टीएनएफ हेही असू शकतं. एनएफ-कप्पा-बीचा पी-६५ केंद्रकात गेला का, हे अर्ध्या तासाच्या वेलमध्ये बघितलं की तो जिवंत होता की नाही ते कळतं.

मोजणीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. एमटीटीवरून पेशी मेल्या असं लिहू नका. एमटीटी चयापचय मोजतं. टीएनएफ आणि इंटरफेरॉन दोन्ही मायटोकाँड्रियाचं काम मंदावतात, त्यामुळे पेशी जिवंत असूनही रंग कमी येतो. उलट ॲस्ट्रोसाइट वाढल्या असतील तर ऑलिगोडेंड्रोसाइट मेल्या तरी रंग भरपूर येतो. फुटलेल्या पेशींतून सांडणारा एलडीएच हा एन्झाइम बाहेर पडला हे कळतं, कोणाचा ते कळत नाही. दुसरी फसगत एमबीपी या मायलिनमधल्या प्रथिनाची. एमबीपी कमी दिसलं म्हणजे पेशी मेल्या असं नाही, त्या प्रौढ व्हायच्याच थांबल्या असतील. इंटरफेरॉन-गामा हे हमखास करतो. मी ऑलिग-२ (ऑलिगोडेंड्रोसाइट वंशाची खूण) असलेली केंद्रकं मोजतो, त्यांतल्या किती कापलेल्या कॅस्पेज-३ ने, म्हणजे ॲपोप्टोसिसच्या खुणेने, उजळल्या ते बघतो आणि जिवंत वेलमध्ये प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) घालून ठरावीक वेळांनी फोटो घेतो. मेलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइट तळापासून सुटतात आणि स्टेनच्या धुण्यात वाहून जातात. त्यामुळे फक्त मेलेल्यांची टक्केवारी काढली तर सर्वांत वाईट वेल सर्वांत निरोगी दिसू शकतो. प्रति क्षेत्र उरलेल्या पेशींचा आकडा सोबत द्याच.

डिशमधून रुग्णाकडे उडी मारताना काय होतं त्याची दोन उदाहरणं माहीत असू द्या, कारण तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ती येणारच. इंटरफेरॉन-गामा मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट होणाऱ्या आजारात उपयोगी पडेल या आशेने तो १८ रुग्णांना दिला गेला. त्यांतल्या ७ जणांचा आजार उफाळला, हे १९८७ साली प्रसिद्ध झालं. टीएनएफचं उलट झालं. डिशमध्ये तो ऑलिगोडेंड्रोसाइटना मारतो हे १९८८ साली माउसच्या मज्जारज्जूच्या कल्चरमध्ये दिसलं होतं, त्यामुळे तो अडवला तर रुग्ण सुधारतील हा तर्क सरळ होता. लेनरसेप्ट हे टीएनएफ पकडणारं औषध १६८ रुग्णांच्या चाचणीत वापरलं गेलं आणि १९९९ साली निकाल आला: औषध मिळालेल्यांना झटके जास्त आले. सांधेदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या टीएनएफरोधक औषधांच्या माहितीपत्रकात आजही मायलिन जाण्याच्या धोक्याची सूचना असते. लेनरसेप्ट टीएनएफ सरसकट गोळा करतं, त्यात टीएनएफआर-२ ची बाजूही जाते. पुढे ईएई झालेल्या माउसमध्ये फक्त विरघळणारा टीएनएफ अडवला तेव्हा फायदा झाला, दोन्ही रूपं अडवली तेव्हा झाला नाही. माणसात सगळं स्पष्टीकरण एवढंच असेल असं मी म्हणणार नाही, रक्तातल्या टी-पेशीही यात आहेत. पण दिशा तीच आहे.

तुमच्या जागी मी असतो तर नवी बॅच लावण्याआधी जुन्याच दोन बॅच नीट तपासल्या असत्या. उरलेल्या कव्हरस्लिपवर आयबा-१, जीएफएपी (ॲस्ट्रोसाइटची खूण) आणि ऑलिग-२ एकत्र. बॅच एकमध्ये मायक्रोग्लिया ठळकपणे जास्त निघाल्या तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मग एकाच दिवशी काढलेल्या पेशींचे दोन भाग करायचे. एक भाग पीडीजीएफआर-अल्फाच्या प्रतिपिंडावर पॅनिंग करून (प्रतिपिंडाचा लेप दिलेल्या डिशला ओपीसी चिकटवून) अगदी शुद्ध आणि दुसऱ्यात मुद्दाम मोजून मायक्रोग्लिया परत मिसळलेल्या. दोन्हींवर माउसचा टीएनएफ, उकळलेला टीएनएफ आणि नुसता वाहक. पीडीजीएफ असताना आणि काढल्यावर, दोन्ही स्थितींत. मायक्रोग्लिया काढायला एल-ल्युसिन मिथाइल एस्टरही चालतं. पीएलएक्स वापरायचा मोह होईल, पण जास्त मात्रेत तो ओपीसींवरही परिणाम करतो, म्हणून या प्रयोगात तो नको. शुद्ध भागातही पीडीजीएफ काढल्यावर टीएनएफने पेशी मेल्या, तर झेड-व्हीएडी (कॅस्पेज अडवणारं) आणि नेक्रोस्टॅटिन-१ (रिपके-१ अडवणारं) वेगवेगळे देऊन बघा. झेड-व्हीएडीने वाचल्या तर ॲपोप्टोसिस. झेड-व्हीएडीने मरण उलट वाढलं आणि नेक्रोस्टॅटिनने थांबलं तर नेक्रोप्टोसिस. शुद्ध भागात काहीच झालं नाही आणि मिसळलेल्यात मरण दिसलं, तर हा प्रबंध ओपीसीचा राहत नाही, मायक्रोग्लियाचा होतो. तसं गाइडना आताच सांगून ठेवलेलं बरं.

हे करून झाल्यावर मीडियमची पूर्ण यादी, टीएनएफचा प्राणी आणि लॉट, आणि आयबा-१ चा आकडा असं तिन्ही घेऊन परत विचारलंत तर 'जर-तर' सोडून बोलता येईल. आणि व्हायलवर माणसाचा टीएनएफ असं निघालं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी माउसचा मागवा.